आजारी पडल्यावर बंद ठेवायची गोळी

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधल्या काही अतिदक्षता विभागांत एक चाचणी सुरू झाली. तिच्यात घेतलेले रुग्ण अत्यवस्थ होते. कुणाचा रक्तदाब उतरलेला, कुणाची लघवी कमी होत चाललेली, कुणाला श्वासासाठी यंत्राचा आधार. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच मिळत होते. त्यांतल्या साधारण निम्म्या रुग्णांना मात्र रोज आणखी एक गोळी द्यायची होती : डापाग्लिफ्लोझिन, १० मिलिग्रॅम. ही मधुमेहाची गोळी आपल्याकडे गल्लीतल्या औषधाच्या दुकानातही मिळते. ती लिहून देताना डॉक्टर रुग्णाला बजावतात की ताप आला, उलट्या-जुलाब झाले, जेवण जाईना, तर तेवढे दिवस ही गोळी बंद ठेवायची. ब्राझीलमधले डॉक्टर नेमकी तीच गोळी सर्वांत आजारी माणसांना देत होते. आशा होती ती किडनीसारखे अवयव वाचतील अशी. आणि याच औषधामुळे किडनीला अचानक इजा होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने सहाच वर्षांपूर्वी ठळक केला होता.

हे धाडस बेदरकारपणातून आलेलं नव्हतं. त्यामागे दोन शतकांजवळ जाणारा इतिहास आहे. पण तो सांगण्याआधी आजाराबद्दल थोडं.

जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा प्रतिसादच बेताल होतो आणि स्वतःचे अवयव निकामी व्हायला लागतात, याला सेप्सिस म्हणतात. सुरुवात न्यूमोनियाने होऊ शकते, लघवीच्या संसर्गाने, फुटलेल्या अपेंडिक्सने किंवा बाळंतपणानंतरच्या तापाने. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. या धुमश्चक्रीत किडनी लवकर बळी पडते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३ देशांच्या एका पाहणीत, आयसीयूमध्ये किडनी अचानक निकामी झालेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या बाबतीत सेप्टिक शॉक हे एक कारण आढळलं. त्याच वर्षी २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. पुराच्या पाण्यातून शिरलेला जिवाणू किडनीपर्यंत कसा पोचतो, हे या शहराने तेव्हा पाहिलं.

आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांना हे सगळं तुटक वाक्यांतून कळतं. ‘इन्फेक्शन रक्तात गेलंय.’ ‘क्रिएटिनीन वाढतंय.’ ‘डायलिसिस लावावं लागेल.’ त्यांना सहसा कुणी सांगत नाही ते असं, की या इजेवर आजही नेमकं औषध नाही. अँटिबायोटिक जंतूंना मारतं, सलाइन आणि रक्तदाब वाढवणारी औषधं रक्ताभिसरण सांभाळतात, डायलिसिस किडनीचं काम काही दिवस स्वतःकडे घेतं. किडनीला स्वतःलाच सावरायचं असतं.

औषध शोधायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. सेप्सिसमध्ये रक्तदाब पडतो, किडनीला रक्त कमी पोचतं आणि म्हणून ती मरते, असा समज अनेक दशकं होता. त्यामुळे किडनीचा रक्तपुरवठा वाढवण्यासाठी अगदी कमी मात्रेत डोपामिन देण्याची पद्धत जगभर रूढ झाली होती. २००० साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २३ आयसीयूंनी ३२८ रुग्णांवर ती नीट तपासली, तेव्हा काहीच फायदा दिसला नाही. पुढे मेलबर्नच्या रिनाल्डो बेलोमो यांच्या गटाने मेंढ्यांना ई. कोलाय जिवाणूंचा संसर्ग घडवून त्यांच्या किडनीतला रक्तप्रवाह मोजला. प्रवाह घटायच्याऐवजी वाढला होता, आणि तरीही किडनी निकामी होत होती. म्हणजे दोष रक्त पोचण्यापुरता नव्हता. सेप्सिसने गेलेल्या रुग्णांच्या किडन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हाही मेलेल्या पेशी अपेक्षेपेक्षा खूपच कमी निघाल्या. पेशी जिवंत होत्या पण काम थांबवून बसल्या होत्या. त्यांचा ऊर्जेचा हिशेब कोलमडला होता.

ऊर्जेचा हा प्रश्न पुढे आला आणि मधुमेहाची औषधं या गोष्टीत शिरली.

१८३५ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हाँ शहरात लोरां द कोनिंक आणि जाँ सर्व्हे स्तास या दोन तरुण रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून एक कडू द्रव्य वेगळं केलं. त्याचं नाव फ्लोरिझिन. (अनेक लेखांत या दोघांना फ्रेंच म्हटलं जातं. ते बेल्जियन होते.) सिंकोनाची साल कडू आणि तिच्यातल्या क्विनीनने हिवताप उतरतो, तेव्हा ही कडू सालही तापावर चालेल, असा त्या काळचा तर्क होता. तापाचं औषध म्हणून फ्लोरिझिन टिकलं नाही. १८८६ मध्ये जर्मन वैद्य योसेफ फॉन मेरिंग यांना त्याचा वेगळाच गुण दिसला. ते दिलं की कुत्र्याच्या लघवीतून साखर जायला लागे, आणि तीही रक्तातली साखर न वाढता. पुढे तीनच वर्षांनी याच फॉन मेरिंगनी ऑस्कर मिन्कोव्स्कींबरोबर स्ट्रासबुर्गमध्ये कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि मधुमेहाचं मूळ कुठे आहे ते जगाला दाखवलं. आज मधुमेहात लागणारं इन्सुलिन आणि किडनीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या, या दोन्हींच्या वंशवृक्षात एकच माणूस सापडतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फ्लोरिझिन नेमकं काय करतं हे कळायला आणखी शंभर वर्षं लागली. निरोगी माणसाच्या किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात दीडशे ग्रॅमहून जास्त साखर असते, आणि किडनी ती जवळजवळ सगळी परत रक्तात घेते. हे काम किडनीतल्या नळ्यांच्या सुरुवातीच्या भागात होतं. तिथली वाहक प्रथिनं सोडियमबरोबर साखर आत ओढतात. सोडियम आणि साखर जोडीने जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली. त्या वाहकांपैकी मुख्य वाहकाला पुढे एसजीएलटी-२ असं नाव पडलं. फ्लोरिझिन त्याचाच रस्ता अडवतं. पण पोटातून घेतलं की ते आतड्यातच फुटतं, त्यामुळे त्याची गोळी होऊ शकत नव्हती. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूची जोडणी बदलून न फुटणारी भावंडं तयार केली. डापाग्लिफ्लोझिन त्यांतलं एक.

या औषधाचं स्वागत थंड झालं. २०११ मध्ये अमेरिकी नियामकाच्या सल्लागार समितीने ९ विरुद्ध ६ मतांनी ते नाकारलं. काही चाचण्यांत मूत्राशयाच्या आणि स्तनांच्या कर्करोगाचे जास्त रुग्ण दिसले होते. युरोपने २०१२ मध्ये परवानगी दिली, अमेरिकेने २०१४ च्या जानेवारीत. मग इशाऱ्यांची रांग लागली. २०१५ मध्ये कीटोअ‍ॅसिडोसिसचा इशारा आला : रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. २०१६ च्या जूनमध्ये किडनीचा इशारा कडक झाला. डापाग्लिफ्लोझिन किंवा त्याचं भावंड कॅनाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांमध्ये किडनीला अचानक इजा झाल्याची १०१ प्रकरणं नियामकाकडे जमली होती आणि काहींना डायलिसिस लागलं होतं. कारणमीमांसा पटण्यासारखी होती. औषधाने लघवी वाढते, पाणी जातं. त्यात उलट्या-जुलाब झाले तर रक्तदाब पडणार आणि किडनी कोरडी पडणार. आजारपणात गोळी बंद ठेवायचा नियम यातूनच पक्का झाला.

त्याच काळात मोठ्या चाचण्यांचे निकाल वेगळंच सांगायला लागले. २००८ पासून अमेरिकेत मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधाने हृदयाला अपाय होत नाही हे सिद्ध करावं लागे. एम्पाग्लिफ्लोझिन या भावंडाने ७०२० रुग्णांवर ते करून दाखवलं. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये स्टॉकहोमला निकाल मांडला गेला, तेव्हा अपाय नाही एवढंच सिद्ध झालं नव्हतं. हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले होते. मग डापाग्लिफ्लोझिन हृदय निकामी होत चाललेल्यांवर तपासलं गेलं आणि २०२० मध्ये ४३०४ किडनीविकाराच्या रुग्णांवर. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना मधुमेह नव्हताच. तरीही त्यांची किडनी जास्त काळ टिकली. हा अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण फायदा स्पष्ट दिसत होता. अखेर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ब्राझीलची चाचणी सुरू झाली त्याच महिन्यात, १३ चाचण्यांतल्या ९० हजारांवर रुग्णांचा एकत्रित हिशेब ‘लॅन्सेट’मध्ये आला. या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये किडनीला अचानक होणारी इजा २३ टक्क्यांनी कमी निघाली. २०१६ चा इशारा डॉक्टरांनी एकेक करून कळवलेल्या रुग्णांवरून आला होता. इथे चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून वर्षानुवर्षं पाहिलेले रुग्ण होते. दोन्ही पुराव्यांचं वजन सारखं नाही.

यामागचं स्पष्टीकरण सेप्सिसवाल्यांना लगेच खुणावणारं होतं. साखर आणि सोडियम परत ओढायला किडनीच्या नळीला भरपूर ऊर्जा आणि प्राणवायू लागतो. गोळीने ते काम कमी केलं, तर आधीच थकलेल्या पेशीवरचा भार हलका होईल. प्राण्यांवरच्या प्रयोगांत सूजही कमी दिसत होती. तर्क सुंदर होता. पण सुंदर तर्काने अतिदक्षता विभागाला आधी एकदा फसवलेलं होतं, आणि तेही मधुमेहाच्याच औषधाच्या बाबतीत.

ते औषध इन्सुलिन, आणि गाव पुन्हा लूव्हाँ. २००१ मध्ये तिथल्या ग्रीट व्हान देन बर्घ यांनी १५४८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर आयसीयूत आलेले होते. इन्सुलिनने रक्तशर्करा अगदी काटेकोर, ८० ते ११० च्या दरम्यान ठेवली, तर आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. डायलिसिस लागणाऱ्यांचं प्रमाण ४१ टक्क्यांनी घटलं. मधुमेहाचं जुनं औषध अत्यवस्थ माणसाची किडनी वाचवू शकतं, याची एवढी जोरदार खूण तोवर मिळालेली नव्हती. जगभरच्या आयसीयूंनी तासातासाला साखर मोजून इन्सुलिन चालवायला सुरुवात केली. जर्मनीत सेप्सिसच्या रुग्णांवर हाच प्रयोग झाला, तेव्हा साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू लागली आणि काटेकोर इन्सुलिनचा भाग मध्येच सोडावा लागला. २००९ मध्ये ६१०४ रुग्णांच्या ‘नाइस-शुगर’ चाचणीचा निकाल आला. काटेकोर साखर ठेवलेल्यांत ९० दिवसांत २७.५ टक्के दगावले, सैल ठेवलेल्यांत २४.९ टक्के. डायलिसिसमध्ये फरक नव्हता. मधल्या आठ वर्षांत किती रुग्णांना या उत्साहाची किंमत मोजावी लागली असेल, हा विचार मनातून जात नाही. लूव्हाँची चाचणी खोटी नव्हती. एकाच रुग्णालयात, एका प्रकारच्या रुग्णांत, एका आहारपद्धतीत ती खरी होती. तिच्यावरून सगळ्या जगाने एकदम पद्धत बदलली, ही चूक होती.

कोविड आला तेव्हा ही आठवण ताजी होती. कॅन्सस सिटीचे हृदयरोगतज्ज्ञ मिखाइल कोसिबोरोद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० च्या एप्रिलमध्येच ‘डेअर-१९’ ही चाचणी सुरू केली. कोविडने रुग्णालयात आलेल्या, आणि रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा किडनीविकार असलेल्या १२५० रुग्णांना डापाग्लिफ्लोझिन किंवा दिसायला तशीच निरुपद्रवी गोळी देण्यात आली. सात देश सहभागी होते आणि त्यांत ब्राझीलबरोबर भारतही होता. आजारपणात बंद ठेवायची गोळी आजारपणातच द्यायची, ही त्यातली अवघड गोष्ट होती. अवयव निकामी होणं किंवा मृत्यू ओढवणं हे प्रमाण गोळीच्या गटात ११.२ टक्के निघालं आणि दुसऱ्या गटात १३.८ टक्के. हा फरक योगायोगाने पडला नाही, असं छातीठोकपणे म्हणण्याइतका तो मोठा नव्हता. पण गोळी सहन झाली होती. कीटोअ‍ॅसिडोसिस फक्त दोघांना झाला आणि तो आटोक्यात आला. भीतीमुळे अडून राहिलेला दरवाजा यामुळे किलकिला झाला. ब्रिटनच्या नेतृत्वाखालच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने नंतर ४२७१ कोविड रुग्णांवर एम्पाग्लिफ्लोझिन तपासलं, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत १४ टक्के निघाले. हीच ‘रिकव्हरी’ २०२० मध्ये डेक्सामेथासोन या जुन्या, अत्यंत स्वस्त औषधाने जीव वाचतात हे सिद्ध करून गेली होती. जुनं औषध नव्या कामाला लागू शकतं आणि लागू शकत नाही, ही दोन्ही उत्तरं एकाच चाचणीने एकाच शिस्तीने दिली.

ब्राझीलच्या चाचणीचं नाव ‘डिफेंडर’. साओ पाउलोच्या अल्बर्ट आइन्स्टाइन रुग्णालयातल्या संशोधकांच्या पुढाकाराने २२ आयसीयूंमध्ये ती झाली आणि २०२३ च्या ऑगस्टअखेरपर्यंत ५०७ रुग्ण त्यात आले. सरासरी वय ६४ च्या आसपास. रक्तदाब, किडनी किंवा श्वसन यांपैकी किमान एक गोष्ट बिघडलेली. सुमारे ४० टक्क्यांना जंतुसंसर्ग असल्याचा संशय होता, म्हणजे सगळेच सेप्सिसचे नव्हते. २४८ जणांना गोळी मिळाली, २५९ जणांना फक्त नेहमीचे उपचार. गोळी जास्तीत जास्त १४ दिवस, किंवा आयसीयूतून बाहेर पडेपर्यंत.

निकाल मोजायची रीत समजून घेण्यासारखी आहे. गोळीच्या गटातल्या एकेका रुग्णाची दुसऱ्या गटातल्या एकेका रुग्णाशी जोडी लावायची. आधी पाहायचं, रुग्णालयात असताना कोण दगावलं. दोघेही वाचले असतील तर डायलिसिस कुणाला लागलं. तिथेही बरोबरी असेल तर आयसीयूत कोण कमी दिवस राहिलं. अशा असंख्य जोड्यांत गोळीवाला किती वेळा ‘जिंकला’ आणि किती वेळा ‘हरला’ याचं गुणोत्तर काढायचं. रुग्णाच्या घरच्यांना जे प्रश्न ज्या क्रमाने पडतात, त्याच क्रमाने ही मोजणी होते. म्हणून मला ती आवडते.

गुणोत्तर आलं १.०१. म्हणजे बरोबरी. २०२४ च्या जूनमध्ये ‘जामा’ने हा निकाल छापला. सेप्सिसने जाणारी किडनी मधुमेहाच्या गोळीने वाचते, असं म्हणायला आधार मिळाला नाही.

एका आकड्यापाशी मात्र थांबावं लागतं. डायलिसिस गोळीच्या गटात २७ जणांना लागलं, म्हणजे १०.९ टक्के, आणि दुसऱ्या गटात ३९ जणांना, १५.१ टक्के. संशोधकांच्या गणिताप्रमाणे इथे फायदा असण्याची शक्यता ९० टक्के होती, आणि दुय्यम मोजमापांत एवढी शक्यता दुसऱ्या कुठल्याच बाबतीत नव्हती. आशावादी माणूस हा आकडा लगेच उचलेल. पण अनेक मोजमापं घेतली की त्यांतलं एखादं चांगलं दिसतंच, आणि बारा रुग्णांचा फरक नशिबानेही पडू शकतो. शिवाय कोण गोळी घेतं आहे हे डॉक्टरांना माहीत होतं. डायलिसिस कधी लावायचं हा निर्णय डॉक्टरांचाच असतो, आणि त्यावर या माहितीची छाया पडू शकते. दुसऱ्या बाजूने, नकारालाही मर्यादा आहेत. शॉकमधल्या माणसाच्या आतड्यातून गोळी नीट शोषली जाते का? रुग्ण आयसीयूत पोचेपर्यंत इजा होऊन गेलेली असते, मग भार हलका करून उपयोग किती? जुनाट किडनीविकारात महिन्या-वर्षांनी दिसणारा फायदा पंधरवड्यात कसा दिसावा? या प्रश्नांना ५०७ रुग्ण पुरे पडत नाहीत. संशोधकांनी स्वतःही निकालाच्या मर्यादा इतक्या रुंद आहेत की फायदा किंवा तोटा पूर्ण नाकारता येत नाही, असं नमूद केलं.

भारतात या प्रश्नाला वेगळी धार आहे. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनच्या एका पेटंटची मुदत संपली, देशी कंपन्यांनी आपापल्या गोळ्या बाजारात आणल्या आणि किंमत झपाट्याने उतरली. खासगी रुग्णालयात आयसीयू आणि डायलिसिसचा खर्च भागवायला जमीन गहाण ठेवणारी कुटुंबं ज्या देशात आहेत, तिथे एवढ्या स्वस्त गोळीने दहांतल्या एखाद्याचं जरी डायलिसिस टळत असेल तर ते कळायला हवं. तसंच, टळत नसेल तर कुणीही ती गोळी केवळ आशेवर चालू करता कामा नये. हा निवाडा मोठ्या चाचणीशिवाय होणार नाही, आणि तशी चाचणी आपल्याकडच्या सेप्सिसवर, म्हणजे लेप्टो, हिवताप, स्क्रब टायफस यांच्या गर्दीत व्हावी, असं मला मनापासून वाटतं. साओ पाउलोचे रुग्ण आणि रत्नागिरीचे रुग्ण एकाच रोगजंतूने आजारी पडत नाहीत.

दरम्यान अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातल्या गटाने मधुमेहाचं आणखी जुनं औषध हाती घेतलं आहे : मेटफॉर्मिन. फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये ते मधुमेहासाठी पुढे आणलं. त्याचं भावंड फेनफॉर्मिन रक्तात लॅक्टिक आम्ल साठवतं म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेच्या बाजारातून गेलं, आणि ती बदनामी मेटफॉर्मिनलाही चिकटली. अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती थेट १९९४ च्या अखेरीस. किडनी बिघडली की मेटफॉर्मिन थांबवायचं, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतं. त्यात सेप्सिसच्या रुग्णाची गंभीरता डॉक्टर रक्तातल्या लॅक्टेटवरूनच जोखतात. म्हणजे इथेही औषधाचा इशारा आणि आजार समोरासमोर उभे आहेत. पण मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांना सेप्सिस झाला तर ते तुलनेने जास्त वाचतात, असं जुन्या नोंदींवरून पुन्हा पुन्हा दिसलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत पेशीतली ऊर्जेची टंचाई ओळखणारं एएमपीके नावाचं विकर जागं केल्यावर सेप्सिसमधले प्राणी जास्त तगले, आणि मेटफॉर्मिन नेमकं तेच विकर जागं करतं. अर्थात ज्याला मेटफॉर्मिन चालू असतं त्याची किडनी मुळात बरी असते, म्हणूनच तर ते चालू असतं. निव्वळ नोंदींवरून हा गुंता सुटत नाही. त्यामुळे पिट्सबर्गच्या ‘लिमिट एकेआय’ या चाचणीने पहिली पायरी छोटी ठेवली आहे. सेप्सिसने किडनी बिघडलेल्या माणसाला मेटफॉर्मिन देणं सुरक्षित आहे का, आणि अशी चाचणी पार पाडणं व्यवहारात शक्य आहे का, एवढंच ती विचारते. किडनी वाचते का, हा प्रश्न त्यानंतरच्या चाचणीसाठी राखून ठेवला आहे.